अर्धं पाऊल

प्रगतीच्या त्या पत्राला भास्कररावांनी उत्तर दिलं नव्हतं.

पत्र आलं तेव्हा प्रगती ठाण्याला होती आणि तिची स्वरा जेमतेम महिन्याची. घरात फोन होता, भास्कररावांच्या खिशातही एक साधा फोन असायचा. तरी पुतण्याच्या बायकोने पत्र लिहिलं, आणि तेही घराच्या पत्त्यावर नाही, तर जव्हारच्या ज्या वाचनालयात ते उभा जन्म पुस्तकांची देवघेव करत बसले होते, तिथल्या पत्त्यावर! पाकीट हातात घेतानाच त्यांना जाणवलं होतं, की घरात चारचौघांत विचारता येणार नाही असं काहीतरी यात विचारलेलं असणार.

'काका, स्वराचा उजवा पाय जन्मतःच आत वळलेला आहे. डॉक्टर विचारत होते, घरात आणखी कुणाला आहे का. आई म्हणतात, आमच्या घराण्यात असलं कधी नव्हतं; तू ग्रहणात ऑफिसात बसून कात्री चालवलीस, त्याचं हे फळ. तुमच्या पायाचं मला लग्नानंतर सांगितलं होतं, की लहानपणी जीपखाली सापडला. रागावू नका काका, पण खरंच जीपखाली सापडला का? आणि एवढं एक सांगाल? तुम्हाला दुखतं का?'

बाकीचं सगळं त्यांनी एक वेळ पचवलं असतं. पण ते शेवटचे तीन शब्द!... साठीला टेकलेल्या त्या माणसाला आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. आईनेही नाही. आई नुसती रडायची.

उत्तर त्यांनी कितीदा तरी लिहायला घेतलं. खरं लिहावं तर वहिनी, म्हणजे प्रगतीच्या सासूबाई, खोट्या पडतात, आणि खोटं लिहायला हात उचलत नाही... शिवाय आपण कोण एवढे मोठे लागून गेलो, की आपल्या दोन ओळींनी कुणाचं काही व्हावं! असं म्हणत म्हणत त्यांनी ते पत्र वाचनालयातल्या एका जाडजूड शब्दकोशात ठेवून दिलं. तो शब्दकोश कुणी कधी घरी नेत नसे.

जीपची गोष्ट वहिनींनी रचली होती. वाईट बुद्धीने नव्हे, पोराच्या काळजीने. त्यांच्या तन्मयसाठी मोखाड्याची मंडळी मुलगी दाखवायचं ठरवायला येणार, त्याच्या आदल्या संध्याकाळी पुष्पावतीवहिनी भास्कररावांच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पदराचं टोक नुसतं बोटाला गुंडाळत, सोडत राहिल्या. भास्कररावच म्हणाले, "वहिनी, उद्या मी शिरपामाळला जाऊन बसेन म्हणतो. एक पुस्तक वाचायचं राहिलंय."

वहिनींचे डोळे भरून आले. "भाऊजी, तुम्हाला वाईट..."

"छे छे! तिथे वारा छान असतो."

दुसऱ्या दिवशी ते माळावर एकटे बसून राहिले, पुस्तकाचं एकच पान उघडं ठेवून. दुपारी वहिनींनी कामाला येणाऱ्या रंगूच्या हाती डबा धाडला. पाहुण्यांसाठी केलेलेच कांदेपोहे! ते खाताना त्यांच्या मनात आलं, की बोहाड्याच्या उत्सवात सोंगं घेणारी माणसं किती सुखी! तोंडाला मुखवटा बांधला की ओळख मिटली. आपलं दुर्दैव असं, की पायाला मुखवटा नसतो.

गेल्या दिवाळीत तन्मयला मोखाड्याच्या पंचायत समितीत नोकरी लागली, प्रगतीनेही जव्हारच्या एका पतसंस्थेत काम धरलं, आणि तिघं या घरात राहायला आली. ठाण्याला स्वराच्या पायाला एकामागून एक प्लॅस्टर घालून पाय सरळ झाला होता. इतका, की सांगूनही कुणाला खरं वाटलं नसतं. पण डॉक्टरांनी निक्षून बजावलं होतं. चार वर्षांची होईपर्यंत मुलीने रोज झोपताना दांडीने एकमेकांना जोडलेले खास बूट घालायचे. हा पाय एकदा सरळ झाला म्हणून निर्धास्त राहू नका. त्याला आपली जुनी जागा आठवत असते.

घरात पाऊल ठेवल्यापासून प्रगतीने पत्राचा विषय काढला नाही. एकदाही नाही! ती ताटात भाकरी वाढायची, "अजून घ्या ना काका" म्हणायची, आणि तिच्या नजरेत तो प्रश्न तसाच उभा असायचा. भास्करराव भाकरीकडे बघत राहायचे.

"आई, रात्री बूट काढू नका हं," प्रगती रोज जेवताना आठवण करायची. तिला पहाटे उठून स्वयंपाक आणि मग पतसंस्था. म्हणून स्वरा आजीजवळ झोपायची.

"मी कशाला काढतेय! पण सांगून ठेवते, चोराच्या पायात घालतात तसली ती बेडी. लेकरू कूससुद्धा बदलू शकत नाही. आमचे भाऊजी बघ! ना प्लॅस्टर, ना बूट. जीपखाली पाय गेला, पण कधी 'आई गं' म्हणून ऐकलं नाही मी. सगळं आयुष्य चालले त्याच पायाने. विचार त्यांना! काय हो भाऊजी?"

सगळ्यांचे हात थांबले. प्रगती त्यांच्याकडे बघत होती.

"भात... थोडा भात वाढा वहिनी," भास्करराव म्हणाले.

"बघितलंस?" वहिनी विजयाने म्हणाल्या.

भास्कररावांची खोली वहिनींच्या खोलीला लागून होती. घर निजलं, की भिंतीपलीकडून एक बारीक आवाज यायचा. कट्... आणि थोड्या वेळाने पुन्हा, कट्. मग इतका वेळ कुरकुरणारी पोर शांत व्हायची. बुटाचं बक्कल उघडल्याचा तो आवाज भास्करराव रोज ऐकत होते. आज नाही यायचा, असं म्हणत ते कान देऊन पडून राहायचे, आणि तो यायचाच! उद्या सांगू, असं ते मनाशी म्हणायचे. उद्या उजाडला, की वाटायचं, वहिनींसारखी प्रेमळ आजी नातीचं वाईट कसं करील? आणि आपल्यालाच भास झाला असला तर?

त्या पावसाळ्यात त्यांची स्वतःची चालही बदलली होती. तळवा जमिनीला न टेकता पावलाच्या बाहेरच्या कडेवर सगळा भार टाकून ते जन्मभर चालत आले होते. तिथली कातडी वर्षानुवर्षं घट्टे पडून खुरासारखी झाली होती. श्रावणात त्या खुराला भेग पडली ती मिटेना.

"दादा, तुमची ठक आज लय हळू वाजते," अंगण झाडताना रंगू म्हणाली. खोडाळ्याकडच्या पाड्यावरची रंगू कित्येक वर्षं या घरात कामाला होती. "रोज तुमचा पाय वाजला का मांजर उठून पळतं. आज तं ते निजूनच हाय."

"मांजर म्हातारं झालं गं," भास्करराव म्हणाले.

"मांजर नाय झालं," रंगू म्हणाली आणि झाडत पुढे गेली.

वहिनी मात्र शेजारणींना कौतुकाने सांगायच्या, "आमच्या भाऊजींसारखा टापटिपीचा माणूस शोधून सापडायचा नाही. बाकीचे कपडे टाकतील, पण मोजे कधी कुणाला धुऊ देत नाहीत!"

गौरी यायच्या दिवशी सकाळपासून धुकं होतं. चौकातलं दुकान दिसेना, समोरचं घर दिसेना. धुकं जणू उंबऱ्याशी येऊन आत यायची परवानगी मागत थांबलं होतं. वहिनींच्या उत्साहाला मात्र भरतं आलं होतं. "यंदा हाताचे ठसे नकोत," त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. "घरात खरी गौर चालू लागलीय. तिच्याच पावलांनी महालक्ष्मी आत येईल!"

परातीत कुंकू कालवलं. स्वराला नवं परकर-पोलकं घातलं. मुखवट्याचं ताट घेऊन प्रगती दारात उभी राहिली. मुकुंददादा, म्हणजे भास्कररावांचे थोरले भाऊ, दुकान उशिरा उघडायचं ठरवून कधी नव्हे ते घरी थांबले होते. तन्मय फोन उंच धरून चित्रण करत होता. वहिनींनी स्वराची पावलं कुंकवात बुडवली आणि तिला उंबऱ्याच्या आत सोडलं.

"गौर आली, गौर! कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या पावलांनी आली!" प्रगती म्हणाली.

स्वरा हसत, डुलत, थेट देवघरापर्यंत गेली. शहाबादी फरशीवर तिच्यामागे लालभडक पावलं उमटत गेली. डावं पाऊल टाचेपासून बोटांपर्यंत पुरं... आणि उजव्याची नुसती एक बारीक कोर. टाच नाही. अंगठा नाही. फक्त बाहेरची कड!

तन्मयचा फोन हळूहळू खाली आला.

"बाय गं," रंगू दारातून म्हणाली, "या पायाचं तं अर्धंच पाऊल उठतंय..."

"आई," प्रगतीचा आवाज एकदम कोरडा झाला, "रात्री बूट असतात ना तिच्या पायात?"

"असतात म्हणजे काय! डुलत चालते अजून, म्हणून तसं उमटलं."

"मग डावं कसं पुरं उमटलं?"

"मला कोर्टात उभी करतेस का? सणाच्या दिवशी? अगं, ग्रहणात कात्री तू धरलीस आणि आता खापर माझ्या डोक्यावर?"

ताटातला गौरीचा मुखवटा थरथरत होता. भास्करराव आपल्या खोलीच्या दारात उभे होते आणि त्या कोरीकडे बघत होते. ती कोर त्यांच्या ओळखीची होती. लहानपणी विहिरीवरून अंघोळ करून आलं, की ओट्यावर ती त्यांच्या मागे मागे यायची आणि आई घाईघाईने पोतेऱ्याने पुसून टाकायची... पन्नास वर्षांनी ती या घरात परत आली होती. आणि ती येत असल्याचा आवाज त्यांनी रोज रात्री भिंतीपलीकडून ऐकला होता!

ते खुर्चीवर बसले. वाकून उजव्या बुटाची नाडी सोडली. मग मोजा उतरवला. या घरात त्यांचा उघडा पाय त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांनी पाहिला. ते उठले, परातीत पाय बुडवला, आणि ठक... ठक... करत स्वराच्या पावलांशेजारून देवघराकडे चालत गेले.

फरशीवर आता दोन कोरी होत्या. एक लहान, एक मोठी. एकीच्या कुशीत दुसरी ठेवावी इतक्या सारख्या. फक्त मोठीच्या एका टोकाला लाल रंग जास्त गडद होता. तो कुंकवाचा नव्हता.

"भाऊजी!" वहिनी किंचाळल्याच. "गौरीच्या वाटेवर... हे काय केलंत?"

भास्कररावांचे ओठ हलले. सगळं सांगावं, एका दमात सांगावं, असा उमाळा दाटून आला. पण आयुष्यभराची सवय गळ्यात आडवी आली आणि एक शब्द बाहेर पडला नाही. वहिनींनी तोवर ओलं फडकं आणलं होतं. शेजारणी यायच्या आत त्या गुडघ्यांवर बसून फरशी पुसत सुटल्या. कुंकू जाईना. फरशीच्या रंध्रांत ते मुरून बसलं होतं.

प्रगतीने गौरीला जागेवर बसवलं, हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला. मग मुलीला उचललं.

"ज्या घरात खरं बोलायला कुणाला जीभ नाही, त्या घरात माझी मुलगी रात्री झोपणार नाही," एवढंच ती म्हणाली. म्हणताना तिने वहिनींकडे पाहिलं नाही, भास्कररावांकडे पाहिलं. दुपारच्या जीपने ती मोखाड्याला माहेरी गेली. तन्मयही तिच्याबरोबर गेला.

गौरी गेल्या, गणपती गेले. घर असं गप्प झालं, की मुकुंददादांच्या दुकानातली भांडीसुद्धा वाजू नयेत! कुणी त्या फरशीवर पाय देत नव्हतं. सगळे कडेकडेने जायचे.

अनंतचतुर्दशीनंतर भास्करराव दोन दिवस खोलीबाहेर आले नाहीत. वहिनी चहा घेऊन गेल्या तर ते तापाने फणफणले होते, आणि खोलीत एक वास होता... गोडसर, कुबट. वहिनींनी पांघरूण सरकवलं. घोट्यापर्यंत सुजलेला पाय, आणि मोजा कातडीला चिकटलेला.

त्यांनी ऊन पाणी आणलं. पाय मांडीवर घेतला आणि मोजा भिजवत भिजवत, बोटभर बोटभर सोडवू लागल्या. भास्करराव पाय ओढून घेत होते. "नको वहिनी... घाण आहे... तुम्ही नका..."

"गप्प बसा!"

मोजा सुटला. वहिनी बघतच राहिल्या. त्या खुरासारख्या कातडीत खोल जखम होती, आणि तिच्या भोवती जुन्या जखमांच्या वणांची चळत.

"हे... हे केव्हापासून, भाऊजी?"

"पावसाळ्यात उघडतं. मग मिटतं."

"कोणत्या पावसाळ्यापासून?"

वहिनींची नजर हातातल्या मोज्यावर गेली. मग खिडकीतल्या दोरीवर त्यांनी स्वतः धुऊन वाळत घातलेल्या दुसऱ्या मोज्यांवर गेली. त्या लग्न होऊन या घरात आल्यापासून ती दोरी तिथेच होती.

"म्हणून... म्हणून तुम्ही मोजे कुणाला धुऊ देत नव्हतात?" त्यांचा आवाज फुटला. "रक्त दिसू नये म्हणून? आणि मी मेली गावभर सांगत सुटले, आमचे भाऊजी किती टापटिपीचे!... भाऊजी, अहो, एकदा तरी ओरडायचंत! त्या पोरीला मी तुमचंच उदाहरण देत होते हो... भाऊजी कधी 'आई गं' म्हणाले नाहीत... मी रोज रात्री तिची बेडी काढत होते, तुमच्या भरवशावर!"

तो उघडा पाय मांडीवर तसाच घेऊन त्या हुंदके देऊन रडल्या.

मोखाड्याच्या घाटातून नाशिकला जाताना गाडी प्रगतीच्या माहेरच्या गल्लीवरून गेली. नाशिकच्या रुग्णालयात डॉक्टरांनी पाय हातात घेऊन चहूबाजूंनी पाहिला.

"केव्हापासून आहे?"

"लहानपणी जीप..." वहिनींच्या तोंडून सवयीने निघून गेलं. त्या थांबल्या. पदर तोंडाशी नेला. मग स्पष्ट म्हणाल्या, "जन्मापासून."

"दुखतं का?" डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करता विचारलं.

आणि भास्कररावांनी, काय उत्तर द्यायचं ते विचारावं तसं, वहिनींकडे पाहिलं!

"सांगा ना भाऊजी... पाया पडते तुमच्या, सांगा!"

"...हो."

आधी जखम आणि ताप, मग पुढचं, असं डॉक्टर म्हणाले. जखम भरली, तरी पाय असाच राहिला तर ती पुन्हा उघडणार. एक दिवस हाडात जाणार. दुसरा रस्ता शस्त्रक्रियेचा. टाचेमागची आखडलेली शीर लांबवायची, हाड कापायचं, पायाभोवती लोखंडी कड्या बसवून हाडांतून तारा घालायच्या आणि रोज थोडं थोडं फिरवत पाऊल वळवत आणायचं. "तान्ह्या मुलाचा पाय हातात धरून वळवता येतो. तुमचा साठ वर्षं घट्ट झालाय. नवा पाय मिळेल असं मी म्हणणार नाही. घोटाही पुरता हलणार नाही. तळवा जमिनीला टेकावा, एवढाच प्रयत्न. या वयात हाड न जुळणं, तारांपाशी पू होणं... आणि फारच बिघडलं तर पाय गमवावा लागणं, हेही होऊ शकतं."

"या वयात कशाला रे एवढे हाल?" मुकुंददादा कळवळून म्हणाले. "चाललंच आहे ना..."

चाललंच आहे ना! भास्कररावांनी डोळे मिटले. हेच शब्द. स्वराच्या बाबतीत वहिनी हेच म्हणत होत्या, आणि आपलं मुकं चालणं त्या शब्दांना साक्ष देत होतं.

"करू या," ते म्हणाले.

जखम भरली, शस्त्रक्रिया झाली, आणि दिवाळीनंतर ते लोखंडी कड्यांचा पाय घेऊन जव्हारला परतले. कड्यांचे नट फिरवायचं काम नर्सने मुकुंददादांना शिकवलं होतं. पण पहिल्याच दिवशी पाना त्यांच्या हातून दोनदा निसटला, तेव्हा वहिनींनी तो काढून घेतला. "भांड्यांच्या दुकानात एवढा जन्म घालवलात आणि एक नट फिरवता येत नाही? सरका!"

नट फिरायचा तेव्हा बारीक आवाज यायचा. कट्. पहिल्यांदा तो ऐकला आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिले. तोच आवाज! हुबेहूब तोच!

"हेच ऐकत होतात ना तुम्ही, भिंतीपलीकडून?" वहिनी हळूच म्हणाल्या.

"हो."

"आणि बोलला नाहीत."

"नाही."

"दोघंही सारखेच आपण," असं म्हणून त्यांनी पुढच्या नटाला पाना लावला. "आता ओरडा. ओरडल्याशिवाय मी पुढचा फिरवणार नाही."

तेव्हा कुठे भास्करराव ओरडायला शिकले. सुरुवातीला चोरट्यासारखे, मग मोकळ्या गळ्याने. रंगू अंगणातून हाक द्यायची, "दादा, आज तं मांजर पळालं हां!"

पण मोखाड्याहून येणाऱ्या बातम्या चांगल्या नव्हत्या. तन्मय शनिवारी आला तो खांदे पाडूनच. स्वराच्या पायाला पुन्हा प्लॅस्टरं सुरू झाली होती, नाशिकच्या खेपा चालू होत्या. पोर रात्रभर रडत होती. प्रगतीच्या माहेरी शेजारपाजारचे येऊन म्हणत होते, कशाला छळता लेकराला, ग्रहणाचं असतं ते, औषधाने जात नसतं. तिची आईही आता तेच म्हणू लागली होती.

"प्रगती थकलीय काका," तन्मय म्हणाला. "परवा म्हणाली, सगळेच सांगताहेत म्हणजे मीच वेडी असेन. काकांनी पाय दाखवला, पण तेही काही बोलले नाहीत. या सोमवारी कशीबशी नेईन, पण त्याच्या पुढच्या सोमवारी प्लॅस्टरला जायचंच नाही म्हणते. मी किती समजावू? माझं ऐकत नाही, आईचा तर फोनच उचलत नाही."

भास्कररावांनी फोन मागितला. पलीकडून प्रगतीचा "हॅलो" आला. मागे स्वराचं रडणं होतं. भास्कररावांनी तोंड उघडलं... आणि फक्त श्वास गेला. "काका? काका, तुम्ही आहात का?" त्यांनी फोन तन्मयच्या हातात परत दिला आणि भिंतीकडे तोंड केलं.

मंगळवारी त्यांना पुन्हा ताप भरला. एका तारेभोवतीची कातडी लाल झाली होती, दाबलं की पू येत होता. डॉक्टरांनी फोनवर औषध बदललं आणि सांगितलं, उद्या सकाळपर्यंत ताप उतरला नाही तर लगेच घेऊन या. मग कड्या ठेवायच्या की काढायच्या, पायाचं काय करायचं, ते बघावं लागेल. पायाचं काय करायचं! त्या शब्दांची सावली दिवसभर खोलीत कुणी न बोलावता येऊन बसली होती.

बुधवारी सकाळी ताप थोडा उतरला होता. उतरला म्हणावं इतका नाही, नाशिकला धावावं इतका चढलाही नव्हता. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत बघू. बाहेर पुन्हा धुकं होतं.

"वहिनी, रंगूला वाचनालयात पाठवाल? खालच्या फळीवर जाडा शब्दकोश आहे. त्यात एक पत्र आहे."

पत्र आलं. उशीला टेकून, थांबत थांबत त्यांनी उत्तर लिहिलं. दुपार होत आली. मग कागद त्यांनी वहिनींच्या हातात दिला. "वाचा."

'चि. प्रगतीस,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. माझा पाय जीपखाली सापडला नव्हता. तो जन्मापासून असा आहे. तेव्हा स्वराला हे कुठून आलं ते शोधायचं असेल तर माझ्याकडे बोट दाखव, आणि तेही रागाने नको. कारण हे मी मागितलेलं नव्हतं, तिनेही मागितलेलं नाही. तुझ्या कात्रीचा यात काही संबंध नाही.

तू विचारलं होतंस, दुखतं का. हो. पावसात जास्त, चढावर जास्त. चार माणसांत दुखत नाही असं दाखवताना सगळ्यात जास्त. वाचताना कमी दुखतं, म्हणून मी इतकं वाचलं. लोकांना वाटलं, मी विद्वान आहे.

रात्री तिचे बूट निघत असल्याचं मला माहीत होतं. मी बोललो नाही. मी चाललो म्हणून तीही चालेल, असं कुणी म्हणालं तर त्याला माझा पाय आणून दाखव. माझं पाऊल वळवायला हाड कापावं लागलं, आणि तरी अजून काय होईल ते सांगता येत नाही. तिचं अजून हातांनी वळतं. सोमवार चुकवू नकोस.

तुझा, भास्करकाका.'

वहिनींनी ते शेवटपर्यंत वाचलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. या कागदात त्यांचा सगळा संसारभराचा आब होता. विहीणबाई वाचणार, मोखाड्याची गल्ली वाचणार. भास्करराव त्यांच्याकडे बघायला धजत नव्हते. नको म्हणाल्या तर आपण पुन्हा गप्प बसू, हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि त्याचीच त्यांना तापाहून जास्त धास्ती वाटत होती.

"खाली जागा उरलीय," वहिनी शेवटी म्हणाल्या. "पेन द्या."

मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत त्यांनी लिहिलं:

'जीप मी रचली. ग्रहणाचं मी बोलले. बूट मीच काढत होते. वाटल्यास येऊ नकोस, पण सोमवारी प्लॅस्टरला जा. आलीस तर बूट घेऊन ये, मी तुझ्यादेखत घालीन. आई.'

"रंगूला देऊ टाकायला?" भास्कररावांनी विचारलं.

"रंगूला कशाला? मला पाय नाहीत?" त्यांनी पाकीट चिकटवलं, पत्ता स्वतः पुन्हा वाचून पाहिला, आणि डोक्यावरून पदर घेऊन त्या निघाल्या.

ती फरशी वाटेत होती. आज त्या कडेने गेल्या नाहीत. क्षणभर थांबल्या, वाकल्या, त्या दोन फिकट लाल कोरींना हात लावून तो कपाळाला लावला, आणि उंबरा ओलांडला.

खिडकीतून रस्त्यापलीकडची टपालपेटी धुक्यात जेमतेम दिसत होती. भास्करराव कोपरावर रेलून उठले. पायातून कळ मस्तकापर्यंत गेली. "आई गं!" ते मोठ्याने म्हणाले, आणि तरी बघत राहिले. पेटीपाशी वहिनींची आकृती थांबली. हात वर गेला... आणि फटीपाशी तसाच राहिला. किती वेळ! एक जीप हॉर्न देत गेली, धुकं मध्ये आलं, काहीच दिसेना...

धुकं सरलं तेव्हा त्यांचा हात खाली आला होता, आणि तो रिकामा होता.